पहिले दोन शब्द

मी वर्तमानपत्रात काम करतो. दोन माणसांकडून खात्री झाल्याशिवाय बातमी पुढे सोडायची नाही, ही सवय हाडात मुरली आहे. पुढची हकीकत मी स्वतःच्या कानांनी ऐकली. दुसरी साक्षीदार माझी ताई. तिला विचाराल तर ती म्हणेल, असलं काही झालंच नाही.

तरीही हे खरं आहे.

रात्र नव्हती. दिवे गेलेले नव्हते. आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यातली लख्ख दुपार होती आणि जागा म्हणजे आमचं स्वयंपाकघर.

बाबा आयुष्यभर नाटकांचे प्रॉम्प्टर होते. विंगेत अंधारात बसायचं आणि नट अडला की त्याला वाक्य सुचवायचं, हे त्यांचं काम. नटमंडळी त्यांना ‘कुजबुजे’ म्हणत. घरीसुद्धा ते इतक्या हळू बोलत की आई वैतागायची. “अहो, मोठ्यानं बोला की! मी काय पहिल्या रांगेत बसलेय?”

त्यांचे नियम दोन. पहिले दोनच शब्द द्यायचे, पुढचं नटाचं त्यानं बोलायचं. आणि घाई करायची नाही. “नट अडलाय की नुसता श्वास घेतोय, हे ओळखता आलं पाहिजे,” असं ते म्हणत.

मग आईला झटका आला आणि तिची वाचा गेली. बाबा दवाखान्यात तिच्या उशाशी बसून पहिले दोन शब्द द्यायचे. “उशी जरा...” आणि थांबायचे. ती ओठ हलवत राहायची. कधीतरी पुढचं यायचं.

शेवटच्या दिवशी मात्र तिनं आपणहून सुरुवात केली.

“माझ्यानंतर तुम्ही...”

आणि थांबली. बाबा वाकून बसले होते. पण पुढचं वाक्य त्यांना ठाऊक नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासमोर संहिता नव्हती.

ती तशीच गेली.

त्यानंतर बाबांचंही बोलणं तुटलं. “चहा...” म्हणायचे आणि गप्प. “आज ते...” आणि गप्प. जेवण चार घासांवर आलं. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही बिघाड नाही, जगायची इच्छा नाही. ताई म्हणाली, “मी त्यांना माझ्याकडे नेते. या घरात राहिले तर हातचे जातील.”

मला पटलं. तेच सांगायला मी त्या दुपारी गेलो. किल्लीनं दार उघडलं. बाबा ओट्याशी पाठमोरे उभे होते, पाणी पीत.

आणि मला कुजबुज ऐकू आली...

“खिडकी लावून...”

बाबांनी पेला खाली ठेवला. “खिडकी लावून घे रे, वारा येतोय,” ते म्हणाले.

कितीतरी दिवसांनी पूर्ण वाक्य! मी हरखलोच. स्वतःच स्वतःला सुचवतायत, असं वाटलं. खिडकी लावायला हात वर केला आणि तो तसाच राहिला.

कुजबुज झाली तेव्हा पेला त्यांच्या ओठांना लावलेला होता.

ते पाणी गिळत होते.

मी खोलीभर नजर फिरवली. कपाट आणि भिंत यांच्यात हातभर फट आहे. तिथे कधी काही नसायचं. आता तिथे स्टूल होतं.

“बाबा, ते स्टूल तिथे कशाला?”

ते थांबले. फटीकडे कान लावल्यासारखी मान कलली...

“उभी किती वेळ राहणार ती?”

मी ताईला फोन केला. काय ऐकलं ते सांगितलं नाही. फक्त म्हटलं, ये.

ती दुसऱ्या दिवशी बॅग घेऊनच आली. दुपारचीच वेळ, तेच स्वयंपाकघर. बाबांचे कपडे तिथेच आणून भरता भरता तिची सरबत्ती चालू होती. “तिकडे तुमची वेगळी खोली आहे. नातवंडं आहेत. इथं भिंतींशी काय बोलणार? बाबा, ऐकताय ना? काहीतरी बोला!”

बाबा खुर्चीत बसून होते. तोंड किंचित उघडं.

“येतो म्हणा,” ताई म्हणाली. “म्हणा, येतो मी तुझ्याकडे.”

“घाई करतेयस,” बाबा म्हणाले. “मी श्वास घेत होतो.”

ताईच्या हातातला शर्ट तसाच राहिला.

नळ बंद होता. रस्त्यावर आवाज नव्हता. स्टुलाचा पाय फरशीवर घासला... अगदी थोडा, बसल्या जागी कुणी पुढे सरकावं तेवढाच.

मग फटीतून आवाज आला.

“माझ्यानंतर तुम्ही...”

आवाज आईचा होता, आजारपणाआधीचा. ताईनं माझं मनगट धरलं. तिच्या नखांचे व्रण मी संध्याकाळी पाहिले.

आवाज पुढे काही बोलला नाही. बोलणार नव्हताच. दोनच शब्द द्यायचे असतात.

बाबा कितीतरी वेळ फटीकडे बघत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला. आणि आम्ही कधी ऐकलं नव्हतं इतक्या मोठ्यानं, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात, म्हणाले,

“माझ्यानंतर तुम्ही त्या दवाखान्यात जात जा. तिथे पुष्कळ माणसं अडलेली आहेत.”

ते वाक्य आईच्या मनातलं होतं की बाबांनी तिथल्या तिथे रचलं, मला माहीत नाही. बाबांनाही माहीत नसावं.

ताईनं कपडे आतल्या खोलीतल्या कपाटात परत ठेवले. खाली उतरल्यावर मला म्हणाली, “पाइपात हवा असेल.” त्यानंतर ती या विषयावर एक अक्षर बोललेली नाही.

बाबा आता रोज दवाखान्यात जातात. वाचा गेलेल्या माणसांच्या उशाशी बसतात, पहिले दोन शब्द देतात आणि वाट बघतात. तिथल्या नर्स त्यांना ‘आजोबा प्रॉम्प्टर’ म्हणतात. बाबा आता जेवतात. रागावतात. एकदा मला म्हणाले, “नाटकात एवढं समाधान नव्हतं रे. तिथे सगळ्यांना पुढचं वाक्य माहीत असायचं.”

हकीकत इथे संपायला हवी होती.

पण आज मी हे त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून लिहितोय. ते अजून दवाखान्यातून आलेले नाहीत. एरवी या वेळेला येतात. मगाशी शेवटचा परिच्छेद सुचेना, म्हणून हात थांबवला. मला असं होत नाही. माझी लिहिण्याची सगळी वर्षं घड्याळाकडे बघत गेली.

तेवढ्यात माझ्या मागे स्टूल घासलं...

“बाबा आता...”

एवढंच.

मी वळून बघितलेलं नाही. पुढचं मी बोलायचं आहे, हे मला कळतंय. ती थांबली आहे, हेही कळतंय. ती कधी घाई करत नाही.

मी अडलेलो नाही, आई.

श्वास घेतोय.