तीन सेकंदांची शांतता

सोमवारी सकाळी बाई विद्यापीठात कामावर आल्या तेव्हा त्यांच्या खोलीच्या दारावर नोटीस डकवलेली होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करावी. खाली सही, शिक्का, आणि चिकटपट्टी तिरकी. एकतीस वर्षांच्या कामाला हाकलायचं तर माणसाने निदान पट्टी तरी सरळ लावावी.

खोली दहा बाय बाराची. एक खिडकी, एक टेबल, एक कॅसेट प्लेअर. एका बाजूला काचेची भिंत आणि काचेपलीकडे टेक्निशियनची खुर्ची. कपाटात सात कॅसेटी. डोंगरापलीकडच्या जंगलातल्या लोकांची भाषा जेवढी उरली तेवढी या सात कॅसेटींत होती, आणि आता दुसरीकडे कुठेही नव्हती. ती बोलणारी शेवटची म्हातारी, बाई तिला मावशी म्हणत, जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती.

मावशीने नावं सांगितली होती. वारा यायच्या आधी पानांची पाठ दाखवतं ते झाड, एक शब्द. पिल्लं उडून गेल्यावरही घरट्यापाशी आठ दिवस बसून राहतं ते पाखरू, एक शब्द. असलं शहाणपण पदवीच्या कागदावर मिळत नाही. पदवीवाले तिथे जातात, ते उचलून आणतात आणि त्यालाच संशोधन म्हणून मिरवतात. बाईही त्यांतल्याच, आणि त्यांना ते ठाऊक होतं. म्हणूनच त्यांचा हट्ट होता: उचललंय ना, मग या नावांचा शब्दकोश पुरा केल्याशिवाय मरायचं नाही.

आणि कोश पुरा होत नव्हता. चारशे बाराव्या नावानंतर मावशी स्टुलावरून उठली ती उठलीच. पुढे तीन वर्षं जगली, पण बाईंना एक नाव सांगितलं नाही.

"चारशे बारा शब्दांना कोश म्हणत नाहीत, बाई," विभागप्रमुख म्हणाले. "किराण्याची यादीसुद्धा याहून लांब असते."

"असेल. माझ्या यादीत जंगल आहे."

"कॅसेटी तळघरात जातील. जपून ठेवू."

तळघरात पाणी झिरपतं हे दोघांनाही माहीत होतं.

मंगळवारी मावशीची नात आली. लहानपणी बाईंच्या मांडीवर बसलेली, त्यांना आत्या म्हणणारी, आता रुग्णालयात परिचारिका. खोली जाणार म्हणून आजीचा आवाज एकदा ऐकायला आली होती. बाईंनी पहिली कॅसेट लावली. मावशीने पहिलं नाव घेतलं, त्या वाऱ्याच्या झाडाचं. मग शांतता. मग दुसरं नाव. मग शांतता.

नात आधी हसली. मग हसू मावळलं.

"आत्या, कॅसेटमध्ये तू का बोलत नाहीयेस?"

"नियम असतो. सांगणारा बोलत असताना ऐकणाऱ्याने चूं करायचं नाही. रेकॉर्डिंग बिघडतं." हा नियम बाईंनी एकतीस वर्षं सगळ्यांना घोटून पाजला होता. काचेपलीकडच्या टेक्निशियनलाही.

"पण मग ती कुणासाठी थांबतेय?"

त्या थांबण्याला बाई दम घेणं समजल्या होत्या. वहीत नोंदसुद्धा होती: प्रत्येक नावानंतर तीन सेकंद.

"आमच्यात एकाने नाव घेतलं की दुसऱ्याने ते परत म्हणायचं," नात म्हणाली. "मला ती भाषा आली नाही, पण हे आठवतं. परत म्हटलं नाही तर नाव सांगणाऱ्याच्या घशात राहतं. एकदा आजीने नाव घेतलं आणि बाबांना डुलकी लागली होती. ते उठेपर्यंत ती ताटावर तशीच बसून होती." तिने पर्सचा बंद बोटाला दोनदा गुंडाळला. "शेवटी शेवटी तिला घास गिळवत नव्हता ना. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का? तू तर नावंच विचारत होतीस."

चारशे बारा नावं. एकही परत म्हटलेलं नाही.

बुधवारी सकाळी बाईंनी टेक्निशियनला सांगितलं, "माझ्यापुढेही माइक लाव. जे होईल ते सगळं कॉपी कर. मधे कुणाला येऊ देऊ नकोस."

"विभागप्रमुख आले तर?"

"त्यांना सांग, बाई मेल्या."

त्यांनी पहिली कॅसेट लावली. मावशीने नाव घेतलं. बाईंनी ते परत म्हटलं. आपलाच आवाज त्यांना चोरासारखा वाटला. दुसरं नाव. तिसरं. खिडकीतून ऊन टेबलावर आलं, वहीवर सरकलं. दुपारपर्यंत दोन कॅसेटी झाल्या.

तिसऱ्या कॅसेटीवर बाईंना ठसका लागला. उत्तर द्यायला उशीर झाला. कॅसेट फिरत राहिली आणि मावशी थांबून राहिली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. नऊ सेकंद. दहा. अकरा. त्यांनी नाव परत म्हटलं, आणि लगेच पुढचं नाव आलं.

बाईंनी वही उघडली. एकतीस वर्षांपूर्वीचं त्यांचंच अक्षर: तीन सेकंद. त्यांनी वही मिटली आणि मुद्दाम पुढच्या नावाला उत्तर दिलं नाही. अर्धं मिनिट गेलं. स्पीकरमधून फक्त श्वास येत होता, म्हाताऱ्या माणसाचा, घशात काहीतरी अडकल्यासारखा.

"चुकले, मावशी," बाई म्हणाल्या आणि नाव परत म्हटलं.

घाबरून उठणारी बाई दुसरी कुणीतरी असेल. या उठल्या नाहीत. हे काय आहे याचा विचार शनिवारी करता येईल, त्यांनी ठरवलं.

गुरुवारी सातवी कॅसेट. चारशे दहा. चारशे अकरा. चारशे बारा. या नावानंतर स्टूल करकरल्याचा आणि पावलं लांब गेल्याचा आवाज होता. बाईंनी तो हजारदा ऐकला होता. त्यांनी नाव परत म्हटलं.

स्टूल करकरलं. पण कुणी उठलं नाही. कुणीतरी नीट सावरून बसलं.

चारशे तेरा.

दगडाखाली पाणी आहे हे ज्या शेवाळावरून कळतं, त्याचं नाव; अर्थ बाईंना न सांगताच कळला. बाईंनी ते परत म्हटलं आणि लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यांनी दुसरी घेतली. चारशे चौदा. चारशे पंधरा. नावं आता झरझर येत होती, बांध फुटल्यासारखी. पाचशेच्या आसपास त्यांची नजर प्लेअरकडे गेली.

फीत संपली होती. सगळी एका चाकावर गुंडाळलेली, चाकं थांबलेली.

मावशी बोलत होती.

बाईंनी पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता शेवटचं नाव आलं. एक हजार सव्वीस. बाईंनी ते परत म्हटलं. त्यांचा आवाज पार बसला होता. घशात खडे भरल्यासारखं वाटत होतं.

मग स्पीकरमधून एक आवाज आला. कुणीतरी घोटभर पाणी प्यालं. निवांत, सहज गिळलं.

नंतर काहीच नाही.

बाई वहीवर हात ठेवून बसल्या. जंगल पुरं झालं होतं. आता विभागप्रमुखांच्या टेबलावर ही वही आपटायची, आणि तो आवाज मात्र खोलीभर व्हायला हवा. त्यांना हसू आलं.

टेक्निशियन चहा घेऊन आत आला. "झालं, बाई? कमाल केलीत."

बाईंनी चहाचा घोट घेतला. तो खाली उतरेना. त्यांनी रुमालात टाकला.

"कॉपी एकदम स्वच्छ आलीय," तो म्हणाला. "फक्त एक कळलं नाही. जुन्या कॅसेटीचा आवाज कॉपीत उतरलेलाच नाही, पहिल्यापासून. नुसता तुमचाच आहे. तुम्ही नाव घेता, मग तीन सेकंद शांतता, मग पुढचं नाव. मोजलं मी. बरोब्बर तीन."

बाईंनी कप खाली ठेवला. याला सांगायला हवं. आत्ताच्या आत्ता सांगायला हवं की माझ्यामागून म्हण. त्यांनी तोंड उघडलं. बाहेर आलं ते वाऱ्याच्या झाडाचं नाव. पहिलं.

त्याच्याकडे बघत त्या थांबल्या.

"अच्छा, अजून एकदा घ्यायचंय?" टेक्निशियन हळूच म्हणाला. त्याने काचेपलीकडे जाऊन रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं, आणि बाईंनीच शिकवल्याप्रमाणे ओठांवर बोट ठेवून अगदी गप्प बसला.