शेवटच्या रांगेतला खोकला

तालीम दुपारची असायची आणि बाई सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्यांवरून बोट फिरवून धूळ बघायच्या. नाट्यगृह काही त्यांच्या मालकीचं नव्हतं, पण सवय जात नाही. इतकी वर्षं नाटकं काढली, सिनेमे काढले, आपटल्या, पुन्हा उठल्या; तरी रिकाम्या नाट्यगृहाचा तो वास, तापलेल्या दिव्यांचा आणि ओल्या रंगाचा, नाकात शिरला की त्यांची छाती अजून कोवळ्या पोरीसारखी धडधडायची.

हे सगळं त्यांनी नवऱ्याबरोबर उभं केलं होतं. नट त्याला मालक म्हणत. मालकांची एक पद्धत होती. तालमीला ते शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत आणि नाटक जिथं रेंगाळेल तिथं खोकत. कोरडा, दोन तुकड्यांतला खोकला. लेखकाशी वाद नाही, दिग्दर्शकाला उपदेश नाही. खोकला आला की बाई तेवढा भाग पेन्सिलीनं खोडत. सिनेमाच्या संकलनाच्या खोलीतही तेच. मालक खोकले की कात्री चालली. "मालकांना सर्दी झाली की आमच्या पोटावर पाय," असं नट म्हणायचे. पण कापलेलं नाटक असं काही चालायचं, की मग कोण कशाला तक्रार करतंय!

मालक गेले. त्यानंतरचं हे पहिलंच नाटक बाईंनी काढलं ते लेकीसाठी. संसार मोडून घरी आलेली लेक खोलीचं दार लावून बसायची; विचारलं तर हो, नाही, एवढंच. पहिल्या तालमीत ती कुणाच्या तरी विनोदावर खळखळून हसली, तेव्हा बाईंनी विंगेत जाऊन डोळे पुसले. नाटक पडलं तरी चालेल, पोरगी उभी राहू दे.

दुसरा अंक चालू होता. आजोबांचं काम करणारा म्हातारा नट स्वगत म्हणत होता. जरा लांबवतच होता.

मागून खोकला आला. कोरडा, दोन तुकड्यांतला.

"कोण आजारी पडलंय रे?" दिग्दर्शकानं मान न वळवता विचारलं.

बाईंनी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. सगळ्या खुर्च्यांच्या बैठका वर उचललेल्या. कोपऱ्यातल्या एकीची तेवढी खाली.

बिजागरी सैल झाली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. हात मात्र सवयीनं चालला. स्वगत खोडलं गेलं.

"कापा, बाई, कापा," म्हातारा नट हात जोडून म्हणाला. "मला नका कापू म्हणजे मिळवली!"

सगळे हसले. बाईसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तालीम म्हाताऱ्याशिवाय सुरू झाली.

"अरे, आजोबा कुठायत?"

"कोण आजोबा?" दिग्दर्शक म्हणाला.

"आपले आजोबा! काल ज्यांचं स्वगत कापलं ते."

"बाई, या नाटकात आजोबा नाहीतच."

त्या चेष्टा ओळखत होत्या. ही चेष्टा नव्हती. लेकीनं जवळ येऊन त्यांच्या कपाळाला हात लावला. "आई, झोप झाली नाही का गं तुझी?"

रंगपटात आरशापुढे म्हाताऱ्याचा चष्मा तसाच पडला होता. कपडेवालीनं तो उचलला, उलटसुलट करून पाहिला. "कुणाचा आहे कोण जाणे," म्हणून फळीवर टाकून दिला.

बाईंनी तो पुन्हा उचलून हातात धरला. त्यांची स्मरणशक्ती म्हणजे नवल होतं. कुठला नट पहिल्या प्रयोगाला कुठलं वाक्य विसरला, तेसुद्धा त्यांना आठवे. आता त्या, वर्षानुवर्षं ज्यांची कामं कापली त्या नटांचे चेहरे आठवू लागल्या.

एकही आठवेना.

रंगीत तालमीला त्या दाराशीच उभ्या राहिल्या. पडदा वर गेला. लेक आत आली, खिडकी उघडली, पहिलं वाक्य म्हणाली.

खोकला आला.

बाईंनी हातातली पेन्सिल फेकून दिली. "नाही!" त्या ओरडल्या. "तिला हात लावायचा नाही. कापायचंच असेल तर मला काप!"

तालीम थांबली. लेक रंगमंचाच्या कडेला आली, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून खाली बघू लागली. "कुणाशी बोलतेस, आई?"

मागे एक बैठक खाड्कन वर उचलली गेली.

पहिल्या प्रयोगाला बाई नेहमीसारख्या विंगेत गेल्या. लेक प्रवेशासाठी तयार उभी होती. त्यांनी तिचा पदर सारखा करायला हात पुढे केला, तशी ती दचकून मागे सरली.

"काकू, प्रेक्षकांनी इकडे यायचं नसतं," ती म्हणाली. आवाजात माया होती. परक्याशी बोलतानाही ती अशीच बोलायची.

द्वारपालानं अदबीनं त्यांना बाहेर नेलं. भिंतीवरच्या जाहिरातीत निर्माता म्हणून एकट्या मालकांचं नाव होतं. नाट्यगृह भरलेलं होतं. एकच खुर्ची रिकामी होती, शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात. बैठक खाली होती. बसल्यावर कळलं, ती उबदार होती.

पडदा वर गेला. लेक आत आली, खिडकी उघडली. काय देखणी उभी राहिली पोरगी! बाईंचे डोळे भरून आले.

आणि मग घशात खवखवलं.

कोरडं. खोलवरून.

बाईंनी रुमालाचा बोळा तोंडात कोंबला, दोन्ही हातांनी गच्च दाबून धरला.

पहिलाच अंक होता.