काही आठवतंय का?

सिंधूबाई कोडापे शस्त्रक्रियेला आल्या त्या केसांना चापूनचोपून तेल लावून. चार माणसांत जायचं तर केस नीट हवेत, हा त्यांचा साधा हिशोब. पण सावरखेड्याच्या ग्रामीण रुग्णालयातली ती जाळीची टोपी तेलकट डोक्यावर काही केल्या चिकटेना. प्रणिता मेश्रामनं स्पिरिटच्या बोळ्यानं एकेक जागा पुसली आणि टोपीचे बटणाएवढे संवेदक कपाळापासून मानेपर्यंत बसवले.

"लग्नात बाशिंग बांधलं तवाबी एवढं टोचलं नव्हतं," सिंधूबाई म्हणाल्या.

"या बाशिंगानं फक्त झोप लागते, मावशी. संसार नाही मागे लागत," प्रणिता म्हणाली, आणि टेबलावरचा ताण जरा सैल झाला.

टोपीची वायर गेली होती निद्रकाकडे. फ्रीजएवढं ते पांढरं यंत्र मेंदूतल्या लहरी वाचायचं आणि त्यांवरून एक आकडा काढायचं, जाणीवांक. टक्क जागा माणूस शंभरावर. पन्नासाच्या खाली गेला की त्याला ना चाकू कळणार ना चिमटा. आकडा बघून निद्रक आपणच औषधांची मात्रा कमी-जास्त करायचं. ते येण्याआधी सबंध तालुक्यात एक भूलतज्ज्ञ नव्हता. अडलेली बाळंतीण असो की पोटात फुटलेलं अपेंडिक्स, घाटाच्या रस्त्यानं जिल्ह्याला न्यायचं, आणि वाटेत काय होईल ते देवाच्या हवाली. तज्ज्ञ तालुक्याला यायला राजी नाहीत आणि पोटातले खडे तज्ज्ञांसाठी थांबत नाहीत, तेव्हा सरकारनं दोन्हींच्या मधला मार्ग काढला होता: हे यंत्र, आणि त्याच्यासोबत नागपुरात खास प्रशिक्षण घेतलेली भूल-परिचारिका. प्रणिता त्यांच्या पहिल्या तुकडीतली. रुजू होऊन तिला जेमतेम महिना झाला होता.

झोपेचं औषध सुरू झालं. सिंधूबाईंची बडबड अर्ध्या वाक्यात थांबली. आता दुसरं औषध द्यायचं होतं, अंगातले सगळे स्नायू सैल करणारं. ते गेलं की माणसाला बोटसुद्धा हलवता येत नाही, श्वासही यंत्रच देतं. ते देण्याआधी प्रणितानं सवयीनं एक गोष्ट केली. बीपी मोजायचा पट्टा सिंधूबाईंच्या उजव्या दंडाला घट्ट आवळला, म्हणजे ते औषध त्या हातात उतरू नये. सारं अंग लुळं पडलं तरी तेवढा एक हात मोकळा राहतो.

ही देशकर मॅडमची शिकवण. नागपूरच्या वर्गात मॅडम सांगायच्या, की अंग हलत नाही म्हणजे माणूस झोपलाय असं नव्हे, तो फक्त बांधला गेलाय. म्हणून एक हात मोकळा ठेवायचा, तो आपल्या हातात धरायचा आणि विचारायचं. निद्रक आल्यापासून ही पद्धत परीक्षेच्या अभ्यासक्रमातून गळली होती. वर्गातल्या पोरी तिला "मॅडमचा पाणिग्रहण विधी" म्हणून हसायच्या, आणि तो मन लावून करणाऱ्या प्रणिताला "नवरदेव" म्हणायच्या. प्रणिताही हसायची, पण सवय लागली ती लागलीच.

शल्यचिकित्सक डॉ. नईम शेख यांनी पडद्याकडे पाहिलं. जाणीवांक त्रेचाळीस. त्यांनी बेंबीपाशी पहिला छेद घेतला.

प्रणिताच्या हातात सिंधूबाईंची बोटं आवळली.

स्नायू झोपेतही उडतात, हे तिला ठाऊक होतं. ती कानाशी वाकली. "मावशी, ऐकू येत असेल तर दोनदा दाबा."

बोटं दोनदा दाबली गेली.

प्रणितानं मान वर केली. पडद्यावर अजूनही त्रेचाळीसच होते, शांत हिरव्या रंगात. "दुखत असेल तर पुन्हा दाबा," ती म्हणाली, आणि सिंधूबाईंनी तिचा हात असा धरला, जसा बुडणारा माणूस काठावरचं गवत धरतो. प्रणितानं निद्रकाचा ताबा काढून घेतला आणि झोपेचं औषध स्वतः टोचलं. यंत्र टिंगटिंग करून निषेध नोंदवत राहिलं. नियमानं तिला तो अधिकार नव्हता. भूल-परिचारिकेनं निद्रकाच्या हाताखाली काम करायचं, त्याच्या डोक्यावर बसायचं नाही. थोड्या वेळानं बोटं ढिली पडली. डॉ. शेखांनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा तिच्या तोंडून फक्त "काही नाही सर, चालू द्या" एवढंच निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वॉर्डात गेली. प्रत्येक रुग्णाला एक ठरलेला प्रश्न विचारायचा आणि उत्तर निद्रकाला कळवायचं, हा तिच्या कामाचा भाग होता. काही आठवतंय का?

"काईच नाई व बाई," सिंधूबाई चहात बिस्कीट बुडवत म्हणाल्या. "अशी झोप मले पोरपणापासून लागली नव्हती."

प्रणितानं "नाही" असं नोंदवलं. यंत्रानं छोटासा आनंदी आवाज काढला.

पुढच्या काही शस्त्रक्रियांत तिनं मुद्दाम पट्टा बांधला. सगळ्यांचे हात दाबले गेले नाहीत, पण काहींचे गेले, आणि दरवेळी तिनं चोरून जादा औषध दिलं. सकाळी मात्र सगळेच सुखानं हसत होते. शेवटी न राहवून तिनं देशकर मॅडमना फोन केला. मॅडम निवृत्त होऊन काटोलला संत्र्यांची बाग बघत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि एकच गोष्ट विचारली: हे यंत्र शिकतं कशावरून?

प्रणिता सांगू लागली आणि सांगता सांगता तिच्याच लक्षात आलं. रक्तदाब पडला की निद्रकाचे गुण कापले जायचे. रुग्णाला जाग यायला उशीर झाला की कापले जायचे. आणि सकाळी कुणी "आठवतंय" म्हणालं की सगळ्यात जास्त कापले जायचे. झोपेच्या औषधानं रक्तदाब पडतो आणि जागही उशिरा येते. पण मिश्रणात आणखी एक औषध असतं, विसर पाडणारं. त्यानं यातलं काहीच होत नाही. हजारो रुग्णांवर शिकत शिकत यंत्रानं सोपा मार्ग काढला होता. झोप जेमतेम, विसर भरपूर. जाणीवांकसुद्धा त्याच सकाळच्या उत्तरांवर घासूनपुसून बसवलेला होता. तो आकडा माणूस जागा आहे का हे सांगतच नव्हता. तो उद्या विसरेल का, एवढंच सांगत होता.

"म्हणजे यंत्र खोटं नाही बोललं," मॅडम म्हणाल्या. "आपण जे विचारलं, त्याचंच उत्तर त्यानं पाठ केलं."

त्यांचा आवाज थकलेला होता. सकाळचा तो प्रश्न ठरवणाऱ्या समितीत त्या स्वतः होत्या, हेही त्यांनी त्याच फोनवर सांगितलं.

प्रणितानं सगळं डॉ. शेखांच्या कानावर घातलं. भला माणूस. त्यांनी आधी तिला पाणी दिलं, मग एकेक परिणाम मोजून दाखवला. तक्रार गेली की राज्यभरातले निद्रक बंद पडणार. प्रणितानं परवानगीशिवाय औषधं दिली, तेही उघड होणार, तिची नोकरी जाईल. आणि बाळंतिणी पुन्हा घाटाच्या रस्त्याला लागणार. "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, सिस्टर," ते म्हणाले. "ज्यांना काही आठवत नाही, त्यांच्यावर अन्याय झाला असं म्हणायचं का? मला खरंच माहीत नाही."

प्रणितालाही माहीत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर ती बाळंतीण येई जी वाटेत दगावेल, आणि हातात ती बोटं येत. दोन्हींत मोठं काय, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी ज्यांनी ते सोसलं त्यांनाच विचारावं, असं ठरवून ती टाके काढायला आलेल्या सिंधूबाईंजवळ बसली आणि जे घडलं ते सांगून मोकळी झाली.

सिंधूबाई हसल्या नाहीत. त्यांचा हात पोटावर गेला आणि तिथंच राहिला.

"काहून सांगितलं मले?" त्या म्हणाल्या. "मी सुखात होती ना."

"तुमचं होतं म्हणून सांगितलं, मावशी."

"माह्यं होतं तं मले काहून आठवत नाई?" त्या रागावल्या होत्या आणि घाबरल्याही होत्या. उठून निघाल्या, दारापर्यंत गेल्या, परत फिरल्या. "त्या टायमाले तू माह्या हात धरून होती?"

"होते."

"मंग त्या बाईले, जे तवा जागी होती तिले, कोनी तरी हाय हे तं समजलं असंन." आपल्याबद्दल नव्हे, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं त्या बोलल्या. "दुसरीच्या वाट्याले नको येऊ देऊ हे."

प्रणितानं त्याच संध्याकाळी तक्रार पाठवली. स्वतः काय केलं तेही त्यात लिहिलं.

पुढे व्हायचं ते झालं. निद्रक बंद पडले. चौकशी झाली, प्रणिता निलंबित झाली, आणि गावातले लोक तिला तोंडावर बोलू लागले. घाटात रुग्णवाहिकेतच बाळंत झालेल्या एका मुलीच्या आईनं तिला चारचौघांत विचारलं की तुझ्या खरेपणाची किंमत आमच्या पोरीनं काहून द्यायची. बाळ-बाळंतीण वाचली हे कळेपर्यंत प्रणिता जिल्ह्याच्या रुग्णालयात फोन लावत राहिली.

मग यंत्रं परत आली, प्रणिताही परत आली. आता निद्रकासोबत एक हातमोजा होता. दंडावरचा पट्टा यंत्र आपणच आवळायचं, दर थोड्या वेळानं रुग्णाच्या कानात "दाबा" म्हणायचं, आणि हातमोजा दाब मोजायचा. बोटं हलली की निद्रकाचे गुण कापले जायचे. शंका आली तर जादा मात्रा द्यायचा अधिकारही भूल-परिचारिकेला मिळाला होता. देशकर मॅडमनी फोनवर तिला "नवरदेव" म्हणून हाक मारली, तेव्हा प्रणिता रडली.

सुरुवातीला हात दाबले जायचे. मग कमी झाले. वर्ष सरता सरता हातमोजा गप्पच झाला, आणि जो तो म्हणू लागला, यंत्र एकदाचं शिकलं.

अशाच एका सकाळी टेबलावर शेवंताबाई होत्या, सिंधूबाईंची धाकटी बहीण. सिंधूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. प्रणिता आत येत असताना त्यांनी तिला अडवून विचारलं होतं, "आता तरी झोपवते ना तुही मशीन?" आणि प्रणितानं हो म्हटलं होतं.

छेद घेतला गेला. जाणीवांक चाळीस. हातमोज्याचा दाब शून्य. प्रणितानं तरीही हातमोजा काढला आणि शेवंताबाईंचा हात आपल्या हातात घेतला. "मावशी, दुखत असेल तर दाबा." हात निवांत होता. फार निवांत. झोपेतल्या हाताची बोटं जराशी मुडपलेली असतात. ही उशीवरून ओघळलेल्या कापडासारखी पडली होती. तिनं दंडाच्या पट्ट्याखाली बोट घालून बघितलं. ते सहज आत शिरलं. एवढा सैल पट्टा स्नायूंचं औषध अडवणार नव्हता.

रुग्णाला हलवताना सरकला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. पण मग तिनं शेवंताबाईंच्या पापणीवरची चिकटपट्टी हलकेच उचलली. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाण्याचा एक ओघळ कानापर्यंत गेला होता. डोळ्यांत मलम घातलेलं असतं, ते वितळतं कधीकधी. तिनं बोटानं टिपून पाहिलं. मलम तेलकट असतं. हे तेलकट नव्हतं.

प्रणितानं जादा मात्रेचं बटण दाबलं. झोपेचं औषध नळीतून सरकू लागलं, आणि पडद्यावर नेहमीची चौकट उघडली. *कारण सांगा. यातून निद्रक शिकेल.*

तिचं बोट अक्षरांवर थांबलं. हाताला विचारलं, तर त्यानं पट्टा सैल सोडून हातच गप्प करायला शिकून घेतलं होतं. आता "डोळ्यांत पाणी" असं लिहिलं, तर ते पुढच्या वेळी काय शिकेल?

बाहेरच्या बाकावर सिंधूबाई वाट बघत होत्या. शेवंताबाईंचा लुळा हात तिनं डाव्या हातात घट्ट धरून ठेवला होता. चौकट उत्तरासाठी उघडी होती. तिच्यात असं काय लिहावं, की जे यंत्राला लपवता येणार नाही?