टेबलावरचा आमेर रस्ता

वाळू वस्त्रगाळ करणं पीठ चाळण्याइतकं सोपं नसतं. जयपूरच्या बनीपार्कातल्या घराच्या व्हरांड्यात अनुसयाबाई पाय पसरून बसल्या होत्या आणि मलमलीच्या फडक्यातून नाल्याची वाळू परातीत गाळत होत्या. हात चालू होते तसं तोंडही चालू होतं.

"पस्तिशी उलटलेला पुरुष. कॉलेजात पोरांना फिजिक्स शिकवतो आणि घरी येऊन खेळण्यांना रस्ते बांधतो. तुझ्या वडिलांनी जन्मभर संस्थानच्या म्हशी तपासल्या, पण शेण कधी घरात आणलं नाही. तू वाळू आणतोस."

"आईसाहेब, अजून बारीक हवी," उमाकांत म्हणाला. "एक खडा राहिला तर फोटोत धोंडा दिसतो."

"धोंडाच पदरात आहे, तो फोटोत दिसला तर काय बिघडलं?"

पण फडकं त्यांनी दुहेरी केलं.

उमाकांतच्या गाड्या वीतभर लांबीच्या असत. सागाच्या ठोकळ्यातून कोरलेलं अंग, सायकलच्या ट्यूबचे टायर, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीचा बंपर आणि दिव्यांच्या जागी बापू बाजारातल्या आरशाच्या टिकल्या. व्हरांड्यातल्या लांब टेबलावर तो वाळूचा रस्ता अंथरी, मागे प्लायवूडवर आभाळ रंगवी, गोणपाट प्लास्टरमध्ये बुडवून डोंगर उभे करी. मग कॅमेरा अगदी टेबलाला टेकवून, सकाळचं ऊन तिरपं असतानाच फोटो काढायचा आणि न्हाणीघराची खिडकी बुजवून स्वतःच धुवायचा. फोटो बघून कॉलेजातला एखादा प्राध्यापक हमखास विचारी, "अरे भाई, ये गाड़ी कब ली?"

डोंगर हिरवे करायची युक्ती मात्र बाईंची. साताऱ्याकडे दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करतात आणि त्यावर अळीव पेरतात. जयपुरात आल्यावरही जयंत आणि उमाकांत, दोघं भाऊ, अंगणात किल्ला करायचेच. तेव्हा बाई अळीव भिजवून द्यायच्या. आताही त्यांनीच दिले होते, आणि टेबलावरच्या डोंगरांना बोटाच्या पेराएवढी हिरवी लव आली होती.

या खेपेची गाडी काळी ऑस्टिन होती. तिची नंबरपाटी बघून बाईंचा हात परातीत थांबला. शिक्षण दुसरीपर्यंतचं, वाचणं जेमतेम, पण हे आकडे त्यांना पाठ होते.

"ही जयंताची."

"हो."

जयंत थोरला. डॉक्टर. बारा वर्षांमागे, एकावन्न साली, भाद्रपदातल्या एका सकाळी चहा घेऊन आमेरच्या पलीकडच्या खेड्यात पेशंट बघायला निघाला तो परत आलाच नाही. गाडीही आली नाही. पोलिसांनी मानसागर तलावात गळ टाकले, डोंगरातल्या घळी पालथ्या घातल्या. गाडीचा घरातला एकुलता एक फोटो तपासासाठी नेला, तोही गेला. आले-गेले रडून गेले. बाई रडल्या नाहीत. अवघडून मेलेल्या पायासारखी त्यांच्या आत एक जागा झाली होती. चिमटा काढला तरी तिथं काही कळायचं नाही.

"कुणी सांगितली करायला?"

"मी सांगितली," शालिनी दारातून म्हणाली. ती जयंतची बायको. मुलींच्या शाळेत शिकवायची. तिनं चहाचा ट्रे तिपाईवर ठेवला. "विधीच्या आधी एवढा एक फोटो असू दे म्हटलं, आईसाहेब. अजमेरचे भटजी पितृपक्षात येतो म्हणालेत."

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची. मग पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे त्या माणसाची सुटका आणि घराचीही. हा विधी करायचं शालिनीच्या मनात होतं, आणि वर्षभर सासू त्या विषयाला हात लावू देत नव्हती.

"माझ्या जिवंत पोराला पाल्यापाचोळ्यात जाळायला निघालीस?"

"कुंकू लावायचं की पुसायचं, एवढं एकदा ठरू दे. हळदीकुंकवाला बायका माझी ओटी भरतात आणि भरताना एकमेकींकडे बघतात."

"बघू देत. डोळे त्यांचे आहेत. कुंकू तुझं आहे."

शालिनी तिपाईपाशी वाकली. तिनं चहा गाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमाकांतनं फोटो काढला. डावीकडे डोंगर, उजवीकडे आरशाचा तलाव, त्यात साबणाचा कोरलेला जलमहाल, मधून रस्ता. गाडी आमेरकडे निघालेली, म्हणून तिची पाठ कॅमेऱ्याकडे.

दुपारी तो ओला फोटो हातात धरून न्हाणीघरातून बाहेर आला आणि टेबलापाशी उभा राहिला. फोटोत गाडीचं तोंड होतं. दोन्ही टिकल्या चकाकत होत्या.

"मीच फिरवून ठेवली असेन," तो म्हणाला.

टेबलावर गाडीची पाठच होती. त्यानं दुसऱ्या सकाळी पुन्हा फोटो काढला, या वेळी दोघींना शेजारी उभं करून. "पाठ आहे ना? नीट बघा." दोघींनी बघितलं. पाठ होती.

फोटोत पुन्हा तोंड आलं.

शालिनीनं पदर खांद्यावर ओढून घेतला. अनुसयाबाईंनी फोटो उन्हात धरला, लांब केला, जवळ आणला. आतल्या त्या मेलेल्या जागेत काही हलतं का, याची त्यांनी वाट बघितली. हललं नाही. पण डोकं स्वच्छ चाललं होतं.

"परत येतोय तो," त्या म्हणाल्या. "आणि तुझा रस्ता तलावापाशीच तुटलाय. येईल कसा?"

"आईसाहेब, हे लाकूड आहे."

"मग लाकडाला घाबरतोस कशाला? घरापर्यंत आण रस्ता. आणि शालिनी, भटजींना नको म्हणून कळव."

"आईसाहेब, मी बारा वर्षं..."

"मी काय बसून लाडू खाल्ले?"

भटजी आले नाहीत. उमाकांतनं जेवणाचं टेबल आणून पहिल्याला जोडलं. आमेरकडून शहरात शिरतानाचा जोरावरसिंग दरवाजा पुठ्ठ्याचा करून गेरूनं रंगवला, पुढं घराच्या वाटेवरची चांदपोलची वेस केली. बाईंनी पुन्हा वाळू गाळली. आता त्या टोमणे मारत नव्हत्या.

गाडी मात्र त्यानं तलावापाशीच ठेवली. चारही चाकांतून बारीक खिळे टेबलात ठोकले, सकाळी त्या खिळ्यांवरून बोट फिरवलं आणि मग फोटो काढला. फोटोत तलावाकाठचा रस्ता रिकामा होता. ऑस्टिन जोरावरसिंग दरवाज्याच्या कमानीत होती.

टेबलावर खिळे जागच्या जागी होते. पण रस्त्याकडेचे अळीव एका अंगाला झुकले होते, जवळून मोटार गेली की बाजरी झुकते तसे. बाईंनी ते बोटानं सरळ करून पाहिले. ते सरळ होईनात.

त्यानंतर उमाकांत कॉलेजातून आला की मुकाट काम करायचा. शालिनी शाळेतून आली की मुकाट स्वयंपाक करायची. तिघं जेवायला बसत आणि वाटीला चमचा लागल्याचा आवाज ऐकू येई. बाईंना हे घर कधी नव्हे इतकं नीटनेटकं वाटू लागलं.

गाडी चांदपोलपाशी दिसली त्या फोटोनंतर उमाकांत म्हणाला, "मी पुढचा फोटो काढणार नाही."

"का?"

"गाडीच्या काचा मी काळ्या रंगवल्यात. आत नुसतं सागाचं लाकूड आहे. फोटोत आरपार दिसतंय. आत कुणीतरी बसलंय."

"जयंतच असणार. दुसरं कोण असेल?"

"चेहरा दिसत नाही."

"ऊन पडलं असेल काचेवर."

"ऊन बाकी सगळ्यावर पडलंय, आईसाहेब. बाकी सगळं दिसतंय."

"तुला घर करायला सांगितलंय तेवढं कर."

त्यानं घर केलं. बनीपार्कातलं हेच, विटकरी कठड्याचं, पुढं कडुनिंबाची डहाळी लावून. दार मात्र उघडझाप होणारं केलं नाही. पुठ्ठ्यावर ब्रशनं रंगवलं, कडीसुद्धा रंगवली.

फोटो काढायच्या सकाळी शालिनी स्वयंपाकघरातून भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. "निदान भाकरतुकडा ओवाळून टाकू दे. इतक्या वर्षांनी, कुठून कुठून येणार. बरोबर काय येईल सांगता येत नाही. घरात घ्यायच्या आधी माझी आईसुद्धा..."

"तुझी आई ओवाळत असेल परक्यांवरून. आपल्याच लेकरावरून तुकडा टाकायचा म्हणजे तो मेला होता असं कबूल करायचं. मी केलेलं नाही. माझ्या पोराला कुणी उंबऱ्यावर अडवायचं नाही."

"आईसाहेब, पाया पडते."

"तो तुकडा गाईला घाल."

 शालिनीनं भाकरी नेऊन फाटकाबाहेरच्या गाईला घातली आणि पाणी कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतलं.

उमाकांत कॅमेऱ्याला हात लावीना. अनुसयाबाई उठल्या, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि त्याच्यासारखाच एक डोळा मिटला.

"बटण दाबायला कॉलेज लागत नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

फोटो उमाकांतनंच धुतला. तो न्हाणीघरातून बाहेर आला तेव्हा बोटांवरून पाणी निथळत होतं. त्यानं फोटो आईच्या मांडीवर ठेवला आणि आत निघून गेला.

ऑस्टिन घरासमोर उभी होती. काचांमागं कुणी नव्हतं.

रंगवलेलं दार उघडं होतं.

दिवसभर बाई व्हरांड्यात बसून राहिल्या. फाटकाशी दूधवाला आला, नंतर भंगारवाला आला. मोटार आली नाही. संध्याकाळी त्यांनी देवापाशी दिवा लावला, दोन घास खाल्ले आणि झोपल्या. झोप शांत लागली.

सकाळी चहाच्या वेळी शालिनी तिच्या खोलीतून आली नाही. असं कधी झालं नव्हतं.

मग ती आली. न्हालेली, केस विंचरलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू. चेहरा शाळेच्या फळ्यासारखा, नुकताच पुसलेला.

"आईसाहेब, आज दोन कप द्या."

बाईंनी आधणात साखर घातली. "आला?"

"हो."

"मग आईच्या पाया पडायला येईल की नाही? का बारा वर्षांत रीतही विसरला?"

"येतील. अजून चालायला नीट जमत नाही."

उमाकांत टेबलापाशी पाठमोरा बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"आईसाहेब," शालिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "ते विचारतायत, त्यांना या घरात काय म्हणून हाक मारायची."

चहा उकळून वर आला. बाईंनी भांडं उतरवलं.

"तू सांगितलं नाहीस?"

"तुम्ही आणलंत. तुम्ही सांगा."

अनुसयाबाई शालिनीच्या खोलीच्या दाराशी गेल्या. पडदा ओढलेला होता. तो एकदा त्यांच्या बाजूला फुगला आणि परत गेला. त्यांनी पडद्याला हात लावला नाही.

"जयंता," त्या म्हणाल्या.



आत कुणीतरी ते नाव म्हणून पाहिलं. आधी नुसतं शेवटचं अक्षर. मग मधलं.

शालिनी मागून आली, शाळेत मुलींना म्हणायची तसं हलकेच म्हणाली, "पुन्हा."

या वेळी नाव पुरतं आलं. आवाज हुबेहूब अनुसयाबाईंचा होता.