यादीत सगळ्यात वर वाल्मीक

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. २००२ सालच्या फेब्रुवारीत, भर दुपारी, द्वारका चौकाजवळच्या आमच्या ऑफिसात माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

आम्ही कारखान्यांना माणसं पुरवायचो. चौदा वर्षं मी तिथे बायोडेटा सांभाळले. फिटर, टर्नर, वेल्डर... प्रत्येकाचा वेगळा गठ्ठा. फोन आला की हात बरोबर त्या गठ्ठ्यावर जायचा. फार जीव होता माझा त्या कागदांवर.

कुणी उमेदवार वारला, की मी त्याचा फोटो सोडवून घरच्यांना पोस्टाने पाठवायचे आणि बायोडेटा फाडायचे. गेलेल्या माणसाला कामासाठी ताटकळत ठेवू नये, असं मला वाटायचं.

मग कॉम्प्युटर आला. तेजस्विनी नावाच्या नव्या मुलीने सगळे बायोडेटा त्यात भरले. काम टाईप करायचं, की लायक माणसांची यादी समोर.

त्या दिवशी विंचूरच्या कांदा वाळवणाऱ्या कारखान्याला बॉयलर अटेंडंट हवा होता. माझ्या बहिणीचा कुंदन तेच शिकून दोन वर्षं घरी बसला होता. त्याचंच नाव वर येणार, मला खात्री होती.

तेजस्विनीने बटण दाबलं.

पहिलं नाव... वाल्मीक, मनमाड.

मी खुर्ची ओढून स्क्रीनजवळ सरकले.

वाल्मीकला बॉयलरवर मीच लावलं होतं. १९९६ साली तो तिथेच वाफेने भाजून गेला. त्याचा बायोडेटा मी स्वतः फाडला होता.

"हे तू भरलंस?"

"नाही काकू. कागदच नाही, तर मनाने भरू का?"

"मग तो येऊन टाईप करून गेला?"

"तुमच्या गठ्ठ्यांतलं मला काय माहीत," ती हसली.

मला तिचाच संशय आला. मला नोकरीवरून घालवायला बसलीय, असं वाटलं.

मी पुढे वाचलं.

वय... चौतीस. गेला तेव्हा तो अठ्ठावीसचा होता.

नोकरी... चालू.

मी ते नाव माझ्यासमोर पुसायला लावलं आणि कुंदनच्या हातात पत्र दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच तो परत आला.

"मावशी, दुसऱ्याला पाठवायचं होतं तर मला कशाला पळवलंस?"

"कोण दुसरा?"

"बॉयलरपाशी उभा होता. म्हणाला, बाईंनी मला लावलंय, तू घरी जा. लय गरम होतं तिथं. त्याला मात्र घाम नव्हता."

मी कारखान्यात फोन लावला.

"इथं कुणीच नाही," मॅनेजर म्हणाले. "बॉयलर तर चार दिवस बंद आहे. माणूस नाही, तर पेटवणार कोण? तुमच्या मुलाला परत पाठवा."

मी नाही म्हणाले.

कुंदन आज टेम्पो चालवतो. माझ्या घरची पायरी चढत नाही. बहीण म्हणते, वाल्मीकने पोराला वाचवलं.

पण त्या बॉयलरवर पुढे दुसरा माणूस लागला. आठ वर्षं राहिला.

त्याला साधा चटकासुद्धा बसला नाही...