कॉलर आणि काज

शिकवणीच्या पहिल्याच दिवशी तिच्या हातून कात्री निसटली आणि शेजारच्या माणसाच्या बुटावर पडली.

"लागलं का हो?"

"मला नाही. पण बूट भावाचा आहे... त्याला विचारून सांगतो."

ती ओठ दाबून हसली.

शिकवणी रोजगार कार्यालयाची होती. शर्टांचा कारखाना बंद पडला, त्यातल्या लोकांना शिलाई पहिल्यापासून शिकवत होते. शेवटी परीक्षा. ज्यानं त्यानं एकट्यानं अख्खा शर्ट शिवायचा. जमलं त्याला दुकान टाकायला सरकारी भत्ता. नाही जमलं त्यानं कार्यालय देईल ती नोकरी, देईल त्या गावी घ्यायची. नको म्हटलं की बेकारीचा भत्ताही बंद.

"तुम्ही कुठल्या मजल्यावर होतात?" त्यानं विचारलं.

"तिसऱ्या. काज करायचे. इतकी वर्षं फक्त काज."

"मी पहिल्या. फक्त कॉलर. म्हणजे माझ्या कॉलरी जिना चढून रोज तुमच्याकडे यायच्या, आणि मी खालीच."

"वर आला असतात तर मुकादमानं हाकललं असतं."

"आता कोण हाकलतंय?"

तिनं मान खाली घातली. सुईत दोरा काही केल्या जाईना.

मग रोजचं सुरू झालं. तिची कॉलर बघून तो म्हणायचा, "हा मांजराचा कान कोणी शिवला?" त्याचं काज बघून ती म्हणायची, "उंदरानं कुरतडलं ते बरं दिसतं." तुम्हीचं तू कधी झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"दोघांना भत्ता मिळाला तर एकच दुकान घेऊ," तो एकदा म्हणाला. "दोन मशिनी, शेजारी शेजारी."

"आणि लोकांनी विचारलं, तुम्ही एकमेकांचे कोण... तर?"

"तोवर कोणीतरी झालेलो असू."

त्या दिवशी ती घरी गुणगुणत गेली. घर भावाचं. वहिनी जेवण वाढताना भिंतीकडे बघून बोलायची, "खायला काळ नि भुईला भार." भाऊ ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. दुकान मिळालं की त्याच्याच मागच्या खोलीत स्वतःची चूल मांडायची, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

परीक्षेच्या दिवशी तिची कॉलर दोनदा उसवली. त्याचं एकही काज धड होईना. मधल्या सुट्टीत खोली रिकामी झाली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि शिवायला घेतलेल्या शर्टांची अदलाबदल केली. त्यानं तिला कॉलर लावून दिली, तिनं त्याची काजं केली.

शिकवणाऱ्या बाईंचा जन्म शिलाईत गेलेला. त्यांनी दोन्ही शर्ट खिडकीशी नेले.

"कॉलरी एका हातच्या दिसतात. काजंही एका हातची. कोणी कोणाचं केलं?"

तो उठला. "बाई, काजं मी तिच्याकडून करून घेतली. सरावाचा शर्ट आहे असं सांगून दिला होता. तिला ठाऊक नव्हतं."

"आणि कॉलर?"

"ती तिचीच. मी शिकवली, म्हणून माझ्यासारखी दिसते."

बाई तिच्याकडे वळल्या. "खरं का गं?"

तिच्या डोळ्यांपुढे वहिनीची ती भिंत आली.

"हो," ती म्हणाली. अगदी स्पष्ट म्हणाली.

तो नापास झाला. त्याला लांबच्या गावी गोदामात खोकी बांधायचं काम मिळालं, जायचं भाडंही मिळालं. तिला दुकान मिळालं.

निघायच्या दिवशी ती बसपाशी गेली.

"रागावलास?"

"छे. तू खरं बोलली असतीस तर दोघंही बुडालो असतो. एवढं मला कळतं."

"मग असा का... बघतही नाहीस."

तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला. "मी उठलो ना, तेव्हा वाटलं, तू हात धरून मला खाली ओढशील. मी बसलो नसतोच. पण तू ओढशील... असं वाटलं होतं."

बस सुरू झाली. मग चारचौघांत, कधी नव्हे ते, ती म्हणाली, "माझं तुझ्यावर प्रेम आहे."

"माहीत आहे." तो पायरीवर चढला. "पण दुकानावर जास्त आहे. असू दे. माझ्याकडे दुकान असतं तर मीही कदाचित असाच वागलो असतो."

तो आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसला.

ती बसमागे धावली नाही. दुपारी भत्त्याचे साहेब दुकान बघायला येणार होते, आणि दुकान बंद दिसलं की भत्ता थांबतो. वाटेत ती रडलीही नाही. साहेबांना लाल डोळे दिसले असते.