ढालीखालचा माग

कोळमगडाच्या बुरुजांवर पहिले ऊन आले, तेव्हा पायथ्याच्या आंबेखिंड गावात अजून सावलीच होती. गड पूर्वेला, गाव पश्चिमेला. त्यामुळे बाकीच्या मुलखात दिवस वर आल्यावरच या गावाची आळी उजळे, आणि अलीकडे तर गावकरी दबल्या आवाजात म्हणत की गडाची ही सावली आता दुपारीही हलत नाही.

पेशवाईच्या उतरत्या काळातली ही गोष्ट. फौजा दूर उत्तरेत गुंतलेल्या, दरबारात रोज नवी मसलत, आणि मुलखाकडे पाहायला कुणाला सवड नाही, असे दिवस होते. चोऱ्या वाढल्या. आधी खळ्यावरची रास गेली, मग दावणीचे बैल गेले, मग भिंती फोडून घरे लुटली जाऊ लागली. तेव्हा गडाचे किल्लेदार खेत्रोजीराव यांनी गावोगावी निरोप धाडला, की वेशीच्या किल्ल्या गडावर आणून द्या, आमच्या शिबंदीचे शिपाई वेशीत बसतील, मग चोराची छाती होणार नाही. ज्या गावांनी किल्ल्या दिल्या तिथली चोरी खरोखरच थांबली. पण तिथल्या बायका आता घोळक्यावाचून पाण्याला जात नव्हत्या, आणि बाजाराला निघालेली गाडी वेशीत काहीतरी उतरवून दिल्यावाचून सुटत नव्हती.

आंबेखिंडने किल्ल्या दिल्या नव्हत्या, कारण तिथे धोंडजी नाईक होता.

धोंडजी जातीचा रामोशी. गावाची राखण त्याच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढायचा, तो शिवेपर्यंत न्यायचा, आणि पलीकडच्या गावाच्या हवाली करायचा. त्या गावाने तो पुढे न्यावा, नाहीतर चोरीची भरपाई करावी, असा त्या मुलखाचा रिवाज होता. स्पष्ट उठलेल्या पावलावर नाईक वेताची पाटी पालथी घाली, आणि पंचांनी पाहेपर्यंत त्या पाटीला कुणी हात लावत नसे.

त्या दिवशी काहीच विशेष घडले नाही. धोंडजीने सकाळी ढालीच्या कातड्याला तेल लावले. ही ढाल गडाच्या जुन्या किल्लेदाराने त्याच्या बापाला दिलेली. खोलगट, कडेला तांब्याची पट्टी असलेली. दुपारी कुणाचा तरी रेडा मोकळा सुटला म्हणून भांडण झाले, ते त्याने मिटवले. दिवेलागणीला त्याने वेस लावली आणि रोजच्यासारखा दारोदार हाक घालत निघाला.

“हाय का घरात?”

“हाय, नाईक!” आतून उत्तर येई, आणि तो पुढच्या दारी जाई. ज्या दारातून उत्तर येणार नाही तिथे तो थांबे, आत डोकावून बघे. सगळ्यांत शेवटी स्वतःचे दार. तिथेही तो तसाच उभा राहून हाक घाली. बायको होती तोवर ती आतून ठसक्यात म्हणे, “हाय हो नाईक, अजून तरी हाय!” आणि शेजारपाजार हसे. ती गेल्यावर घरात उरली लेक चांगुणा. तिचा नवरा कर्नाटकच्या स्वारीत पडला, तेव्हा बापानेच तिला माघारी आणले होते. आईचा तो शब्द चांगुणाच्या तोंडून कधी निघाला नाही. बापाची हाक आली की ती चुलीवर तवा जरा जोरात ठेवी. धोंडजी तो आवाज ऐके, “हं,” म्हणे आणि आत येई. उत्तर दे असे त्याने तिला कधी म्हटले नाही.

त्या संध्याकाळी भाकरी वाढताना तिला गूळ सापडेना. कोपऱ्यात पाटी पालथी होती. तिने ती उचलली. खाली नुसती जमीन.

धोंडजी हसला. “एवढी थोराड झालीस, तरी पाटीच उचलतीस.”

“आबा, या वयात गूळ लपवायला लाज न्हाई वाटत?”

“झाकलेलं दिसलं की मानूस तेच उचलतंय. मी कशावर बसलोय, त्ये कुनी बघतंय का?” त्याने मांडीखालची घोंगडी सारली आणि गुळाचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला.

लहानपणापासूनचा हा खेळ. ती प्रत्येक वेळी हरत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासाराच्या घराची मागची भिंत फोडलेली सापडली. भांडी गेली होती, कासाराचे डोके फुटले होते. सुभानजी पाटील धावत आले. त्यांच्या अंगरख्याचे बंदही नीट बांधलेले नव्हते.

“नाईक, आता गेल्या किल्ल्या. सरकारचे कमाविसदार बाजारगावी मुक्कामाला आहेत. खेत्रोजीरावांनी त्यांच्या कानावर घातलं असणारच, की ज्या गावाला आपली राखण जमत नाही त्याची वेस गडाकडं द्यावी.”

“आधी माग तरी बघू द्या, पाटील,” धोंडजी म्हणाला आणि खाली वाकला.

माग पांदीतून निघाला, ओढा ओलांडून पलीकडे चढला, आणि कुठल्याच गावाकडे न वळता थेट गडाच्या वाटेला लागला. खडकाळ वाटेवर पावले विरत गेली. पण गडाच्या पहिल्या दरवाजासमोर पन्हळीच्या ओलीत एक पाऊल स्वच्छ उठले होते. डावे, अनवाणी, अंगठा बाकीच्या बोटांपासून फाकलेला. त्याचे तोंड दरवाजाकडे होते.

धोंडजीने त्यावर पाटी पालथी घातली आणि वर हाक दिली, “गडकरी हो! आंबेखिंडचा माग तुमच्या दारात आलाय. पुढं न्या, न्हाईतर भरून द्या!”

दरवाजावरून सटवाजी जमादार वाकला. “नाईक, गडाला माग लागत नसतो. गडात शिरायची कुठल्या चोराची हिंमत आहे?”

“हिंमत न्हाई, जमादार,” धोंडजी म्हणाला, “सवय दिसतीया.”

पाटलांनी त्याचा हात धरून त्याला बाजूला घेतले. “मी स्वतः जातो आणि कमाविसदारांना घेऊन येतो. उद्याचा दिवस वर येईस्तोवर हे पाऊल राहील?”

“तुमी या. पाऊल हलत न्हाई.”

संध्याकाळी चांगुणा भाकरी घेऊन गेली. धोंडजी पाटीपासून जरा दूर घोंगडी अंथरून बसला होता. ढाल हातात नव्हती, तलवार मांडीवर होती.

“आबा, राखायची पाटी आन तुमी हितं का?”

“पाटीला माझी काय गरज? तिला समदेच भितात.” त्याने भाकरीचा तुकडा मोडला. वर तटावर माणसांची ये-जा चालली होती, तिकडे न बघता तो म्हणाला, “जा आता. दिवस बुडायच्या आत वेशीत जा. आन उद्या येताना गूळ आन.”

त्या संध्याकाळी आंबेखिंडच्या आळीत हाक फिरली नाही. दारे लागली, कड्या सरल्या, पण घरोघरी माणसे उगीचच जागी राहिली.

उजाडता उजाडता गुराख्यांनी बातमी आणली.

चांगुणा पोहोचली तेव्हा पाटी दूर फेकलेली होती आणि तिच्या जागची माती टाचांनी उकरून चिखल केला होता. धोंडजी आपल्या घोंगडीवरच पालथा पडला होता. तलवार हातात, तलवारीला रक्त. म्हणजे तो लढला होता. डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, घावावर घाव. त्या हातात ढाल नव्हती. घोंगडीच्या कडेखालून तिची तांब्याची पट्टी तेवढी दिसत होती.

गावातली माणसे भोवती जमली. कुणीतरी पुटपुटले, “ढाल अंगाखाली घेऊन झोपला व्हय नाईक?”

चांगुणाच्या पदरात गुळाचा खडा होता. तिने त्या उघड्या हाताकडे पाहिले. चार-पाच वार या हाताने झेलले होते, आणि ढाल त्याच्याच खाली होती. उचलायला एक क्षण पुरला असता. तरीही त्याने ती उचलली नाही. तिने उकरलेल्या मातीकडे पाहिले, फेकलेल्या पाटीकडे पाहिले. मग ती बापाच्या उशाशी मांडी घालून बसली, आणि एक हात तिने घोंगडीच्या कडेवर ठेवला.

थोड्या वेळाने दरवाजा उघडला. किल्लेदार खेत्रोजीराव स्वतः खाली उतरले. बरोबर सटवाजी जमादार आणि शिबंदीचे लोक. पागोटे, शेला, चेहऱ्यावर योग्य तेवढे दुःख.

“फार वाईट झालं,” ते म्हणाले. “नाईक म्हणजे या गडाचाच माणूस. बाई, ऊन चढतं आहे. दहनाला गडावरून लाकूड देतो, चंदनाचं खोडही देतो. आता प्रेत उचलावं.”

“पाटील आल्याबिगर न्हाई,” चांगुणा म्हणाली. “नाईकाला पहिला खांदा पाटलाचा. आमच्या घरात आजवर असंच झालंय.”

“पाटील केव्हा येणार? बापाची अशी विटंबना लेकीनंच करायची?”

गावातल्या म्हाताऱ्या बायकाही तिला समजावू लागल्या. “चांगे, डोळे तरी मिटू दे त्येचे. लोक काय म्हनतील?” तिने घोंगडीवरचा हात काढला नाही. खरे कारण एका शब्दाने बाहेर पडले असते, तर त्या शब्दाबरोबर सगळेच गेले असते.

ऊन चढले. माश्या घोंगावू लागल्या. तिने पदराने वारा घातला, आणि पदर फाटेस्तोवर ती वारा घालत राहिली.

खेत्रोजीरावांचा धीर सुटला. त्यांनी दरवाजावर पहारा देणाऱ्या मेटकऱ्यांना खूण केली, “उचला रे!” मेटकरी पुढे आले आणि थांबले. तेही रामोशीच होते. त्यांच्यातला वडीलधारा हात जोडून म्हणाला, “सरकार, हा मान आमी मोडला, तर उद्या आमाला खांदा कोन देईल?” कुणीच हलले नाही.

खेत्रोजीरावांची नजर मेटकऱ्यांवरून फिरली आणि तांब्याच्या पट्टीवर येऊन थांबली. बराच वेळ ती तिथेच राहिली. मग ते अगदी सावकाश म्हणाले, “ठीक. प्रेत राहू द्या. पण ती ढाल गडाची आहे. सरकारी हत्यार उघड्यावर टाकता येत नाही. जमादार, ढाल काढून घ्या.”

सटवाजी पुढे आला आणि वाकला. त्याचा हात पट्टीपर्यंत गेला. चांगुणा उठली नाही की ओरडली नाही, ती बापाच्या पाठीवर आडवी झाली, दोन्ही हातांनी तिने घोंगडीच्या कडा जमिनीशी दाबून धरल्या, आणि जमादाराच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाली, “त्यो ढालीवर मेलाय. ढालीवरनंच उठंल. आधी माझा हात तोडा.”

सटवाजीने मागे वळून धन्याकडे पाहिले. खेत्रोजीरावांचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. मेटकऱ्यांनी आपल्या काठ्या आडव्या धरल्या. कुणावर उगारल्या नाहीत, नुसत्या धरल्या. तेवढ्यात ओढ्याकडून धूळ उठली.

घोडा फेसाळलेला, पाटलांचे पागोटे सुटून गळ्यात आलेले. त्यांच्यामागे कमाविसदार त्र्यंबकपंत, सरकारी स्वारांसह. पंत घोड्यावरून उतरले, क्षणभर प्रेताकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “पाटील, तुम्ही माग दाखवायला आणलंत. इथे तर तो बुजवलेला दिसतो.”

तेव्हा चांगुणा उठून उभी राहिली.

“पाटील, खांदा द्या. सरळ वर उचला, वढू नका. मग घोंगडी काढा. ढाल मी उचलनार.”

त्यांनी धोंडजीला वर घेतले. घोंगडी निघाली. चांगुणाने दोन्ही हातांनी कडा धरून, चुलीवरचे भांडे उतरवावे तशी, ढाल सरळ उचलली.

खोलगट ढालीखाली ओल तशीच राहिली होती. तिच्यात एक डावे पाऊल होते. अंगठा फाकलेला, तोंड दरवाजाकडे. त्याची एक कडसुद्धा मोडली नव्हती. तटावरच्यांची नजर चुकवून नाईकाने काल पाटीच बाजूला सरकवली होती; पाऊल होते तिथेच होते.

पंतांनी वाकून पाहिले. सटवाजीने डावा पाय नकळत मागे घेतला, तो त्यांच्या नजरेतून सुटला नाही. मग शांतपणे, जणू कुणाला बसायला सांगावे तसे, ते म्हणाले, “जमादार, डाव्या पायातली वहाण काढा.”

सटवाजीने वहाण काढली नाही. त्याने खेत्रोजीरावांकडे पाहिले, आणि त्याची ती नजर तिथे जमलेल्या प्रत्येकाने पाहिली.

त्याच दिवशी गडाचे अंबारखाने उघडण्यात आले. कासाराची भांडी निघाली, आणि ज्या गावांनी मुकाट्याने किल्ल्या दिल्या होत्या त्यांच्याही कितीतरी वस्तू निघाल्या. सटवाजीने चोरीबरोबर खुनाचीही कबुली दिली आणि हुकूम कुणाचा होता तेही सांगितले. खेत्रोजीरावांना स्वारांच्या पहाऱ्यात खाली उतरवले. शेला तेव्हाही नीट होता. गावोगावच्या किल्ल्या ज्याच्या त्याला परत गेल्या.

धोंडजीच्या चितेला गडाचे लाकूड घेतले नाही. मेटकरी खांदा द्यायला आले, तेव्हा मात्र पाटलांनी बाजूला होऊन त्यांना जागा दिली. ज्याने ढालीवरून कुजबूज केली होती तो माणूस शेवटपर्यंत मान खाली घालून चालला. परतताना पाटील चांगुणाजवळ थांबले. “बाई, नाईकी तुमच्या घरची. घरात पुरुष नाही. दुसऱ्या गावचा कुणी आणावा, असं काहीजण म्हणतात.”

“तुमी काय म्हनता?”

पाटलांनी काठी आणि ढाल तिच्यापुढे धरली. “मी म्हणतो, संध्याकाळ होत आली. वेस लावायला कुणीतरी जायला हवं.”

तिने वेस लावली. अडसर जड होता. तो तिने एकटीने सरकवला. मग ती आळीतून निघाली. पहिल्या दाराशी तिने हाक घातली, आणि आतून उत्तर आले, “हाय, नाईक!” पुढच्या दारातून आले. कासाराच्या घरातून, डोक्याला फडके बांधलेल्या कासाराने स्वतः दाराशी येऊन दिले. कुणी तिला चांगे म्हटले नाही.

शेवटचे दार तिचे. आत दिवा नव्हता, चूल थंड होती. ती बाहेर उभी राहिली आणि तिने हाक घातली, जशी रोज पडायची तशी.

“हाय का घरात?”

शेजारची माणसे आपापल्या दारांत उभी होती. चांगुणा उंबरा ओलांडून आत गेली, चुलीपाशी जाऊन बसली. तव्याकडे तिचा हात गेला, आणि तिने तो मागे घेतला.

“हाय, आबा,” ती मोठ्याने म्हणाली. “मी हाय.”